पाणी चाचणी संचाची मुदत : जुने रसायन देऊ शकते खोटा निर्वाळा

पावसाळ्यात पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घरोघरी एक प्रश्न हमखास उभा राहतो : परसातील विहिरीचे पाणी प्यावे की नाही? ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणित देशातील पहिले राज्य ठरले. असे असले तरी विहिरींचा वापर थांबलेला नाही. जलजीवन मिशनखाली गावागावांतील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी चाचणी संच, म्हणजेच फील्ड टेस्ट किट, वापरले जातात. मात्र या संचातील रसायनांनाही आयुष्य असते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

चाचणीचे तत्त्व साधे आहे. ठरावीक पाण्यात रसायनाचे थेंब किंवा भुकटी टाकायची आणि उमटलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. रसायनाची शक्ती क्षीण झाली तर रंग फिका येतो आणि दोष असूनही तो कमी भासतो. नायट्रेटच्या चाचणीत हे विशेष घातक ठरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी तान्ह्या बाळांना अपायकारक असते. ओल लागलेली भुकटी तेच पाणी निर्दोष ठरवू शकते.

क्लोरीनच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, असा दंडक आहे. रसायन जुने असेल तर पुरेसे क्लोरीन असूनही ते कमी दिसते आणि नाहक तक्रार होते. रंगतक्ता उन्हाने विटला असेल तर नमुन्याचा रंग वरच्या आकड्याशी जुळतो, म्हणजे दोष आहे त्याहून अधिक दिसतो. जंतुसंसर्ग पाहण्याच्या कुपीत दूषित पाणी साधारण २४ ते ४८ तासांत काळे पडते. कुपीतील माध्यम मुदतबाह्य असेल तर ती काळी न होण्याला काहीच अर्थ उरत नाही.

गोव्याची हवा हाच मोठा शत्रू

राज्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यातील दमट हवेत बाटलीचे झाकण सैल राहिले तरी भुकटीचे गोळे होतात आणि गोळ्या रंग बदलतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालची खोली किंवा बंद मोटार तापते आणि द्रावणे लवकर बिघडतात. खिडकीतले ऊनही तितकेच वाईट. म्हणून संच कोरड्या, थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावा. स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नये. फ्रीजमध्ये ठेवायचे की नाही, हे त्या त्या बाटलीवरील सूचनेनुसारच ठरवावे.

वापरापूर्वी पाहा

छापील मुदत सहसा न उघडलेल्या बाटलीसाठी असते. त्यामुळे बाटली उघडताच तिच्यावर तारीख लिहावी. द्रावण गढूळ झाले, तळाशी साका बसला, रंग पालटला किंवा भुकटी चिकट झाली तर मुदत शिल्लक असली तरी ती टाकून द्यावी. एका बाटलीचे झाकण दुसरीला लावू नये. जुन्या व नव्या संचातील रसायने एकत्र करू नयेत.

शंका असल्यास सोपी पडताळणी करता येते. ऊर्ध्वपातित पाण्यावर नायट्रेटची चाचणी घ्यावी. रंग उमटला तर रसायन बिघडले आहे. रंग न उमटला तरी रसायन शाबूत आहे, असे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याची चाचणी किंवा प्रयोगशाळेतील अहवालाशी तुलना हवी.

घरगुती संच हा इशारा देण्यासाठी आहे, अंतिम निर्णयासाठी नव्हे. दोष आढळला किंवा संचावर विश्वास उरला नाही तर नमुना पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत द्यावा. तोवर पाणी उकळून प्यावे. उकळल्याने जंतू मरतात. मात्र नायट्रेट किंवा लोह जात नाही, म्हणून तान्ह्या बाळासाठी दुसरे पाणी वापरावे.