खाल्लेले अंगी कसे लागते?

भाकरीतला स्टार्च, वरणातली प्रथिने आणि तुपातली चरबी यांचे रेणू मोठे असतात. आहेत त्या रूपात ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊ शकत नाहीत. त्यांचे लहान रेणू होणे म्हणजे पचन. हे काम पाचकरसांतली विकरे करतात. प्रत्येक विकर ठरावीक घटकावरच चालते, म्हणून एकाच ताटातले पदार्थ वेगवेगळ्या ठिकाणी पचतात.

सुरुवात तोंडात होते. दात घास बारीक करतात आणि लाळेतले अमायलेज स्टार्चची साखर करू लागते. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो यामुळेच. गिळलेला घास सुमारे २५ सेंटिमीटर लांब अन्ननलिकेतून काही सेकंदांत जठरात पोचतो. नलिकेचे स्नायू वरून खाली क्रमाने आवळत त्याला पुढे ढकलतात. त्यामुळे आडवे पडून गिळले तरी तो जठरातच जातो.

जठररसात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याने बहुतेक जंतू मरतात आणि पेप्सिन हे विकर प्रथिने तोडू लागते. श्लेष्माचा थर जठराच्या भिंतीचे रक्षण करतो. या रसाचे कार्य अमेरिकी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी प्रत्यक्ष पाहिले. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात गोळी घुसली. तो वाचला, पण जठरापर्यंतचे छिद्र बुजले नाही. ब्यूमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून तपासले. बाहेर काढलेला जठररस कुपीत उबदार ठेवला, तर त्यातही मांस विरघळते, असे त्यांना आढळले. पचन ही केवळ घुसळण नसून रासायनिक क्रिया आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

काही तासांत अन्नाचा पातळ लगदा होतो आणि थोडाथोडा लहान आतड्यात उतरतो. पचनाचा मोठा भाग इथेच उरकतो. स्वादुपिंडाचा रस आम्लता घालवतो आणि तिन्ही घटकांवर काम करतो. यकृतात तयार होणारे पित्त तुपाचे बारीक थेंब करते, मग लायपेज त्यांचे विघटन करते. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या अस्तरावर जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे असंख्य रसांकुर असतात, त्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले रक्तावाटे आधी यकृतात जातात. बहुतेक चरबी मात्र लसीकावाहिन्यांतून फिरून रक्तात मिसळते.

उरलेला भाग सुमारे दीड मीटर लांब मोठ्या आतड्यात येतो. तिथे पाणी आणि क्षार शोषले जातात. ज्वारीच्या कोंड्यासारखे तंतुमय पदार्थ माणसाच्या विकरांना पचत नाहीत, पण त्यांतील काही भाग तिथल्या जिवाणूंचे खाद्य होतो. त्यातून तयार होणारी मेदाम्ले आतड्याच्या पेशींना ऊर्जा देतात. शेष भाग मल म्हणून बाहेर पडतो. तंतूंमुळे तो मऊ राहतो आणि सहज पुढे सरकतो.