42 टक्क्यांचा मथळा

लेखमाला : बातमीतले आकडे, भाग 7

मागच्या भागात मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे पाहिले. ते चुकले की बरोबर आले, हे मतमोजणीच्या दिवशी सगळ्यांनाच कळतं. आजचा आकडा असा कधीच तपासला जात नाही. छापून येतो, भाषणात जातो, विधानसभेत जातो आणि पुढच्या वर्षी नवा आकडा आला की विसरला जातो. विषय शेतकरी आत्महत्यांचा आहे.

2016 च्या डिसेंबरअखेर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, 2015 सालचा अहवाल आला आणि देशभरच्या वृत्तपत्रांत मथळा झळकला : शेतकरी आत्महत्यांत 42 टक्क्यांनी वाढ. 2014 मध्ये 5,650, 2015 मध्ये 8,007. गणित अगदी बरोबर आहे. पण आणखी एक वर्ष मागे गेलं की कोडं पडतं. 2013 चा आकडा होता 11,772. म्हणजे 2014 मध्ये आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या आणि लगेच पुढच्या वर्षी जवळपास दीडपट झाल्या, असं मानावं लागतं. आणि 2014 हे साल कोणतं? देशात मोसमी पाऊस सरासरीच्या 12 टक्के कमी पडला ते. मराठवाडा पुन्हा टँकरवर आला ते. अशा वर्षी शेतकऱ्याची आत्महत्या निम्म्यावर येईल, यावर बीड-धाराशिवकडचा कोणताही बातमीदार विश्वास ठेवणार नाही.

2014 मध्ये तक्ता बदलला होता. 1995 पासून एनसीआरबी शेतीवर जगणाऱ्यांची नोंद एकाच रकान्यात करत होती : स्वयंरोजगार, शेती. 2014 च्या अहवालात त्याचे दोन रकाने झाले. एक शेतकऱ्यांचा, त्यात स्वतःची जमीन कसणारे आणि दुसऱ्याची जमीन मक्त्याने किंवा बटाईने करणारे असे दोन्ही. दुसरा शेतमजुरांचा. शेतकऱ्यांच्या रकान्यात 5,650 आले, शेतमजुरांच्या 6,710. बेरीज 12,360. पुढच्या वर्षी शेतकरी 8,007 आणि शेतमजूर 4,595, बेरीज 12,602. ज्या वर्षी शेतकऱ्यांच्या आत्महत्या 42 टक्क्यांनी ‘वाढल्या’, त्याच वर्षी मजुरांच्या 31.5 टक्क्यांनी ‘कमी’ झाल्या. गाव तेच, दुष्काळ तोच. शेतकऱ्याला पाऊस दगा देतो त्या हंगामात मजुराच्या हातालाही काम नसतं. तेव्हा एवढी उलटसुलट हालचाल माणसांच्या आयुष्यात झाली, यापेक्षा ती बरीचशी रकान्यांमध्ये झाली, हेच जास्त संभवनीय आहे. दोन्ही रकाने मिळून या एका वर्षातली वाढ निघते 2 टक्के.

2 टक्क्यांचा मथळा होत नाही, ही अडचण मला समजते. संध्याकाळी अहवाल हाती येतो, पान सोडायची वेळ ठरलेली असते, उपसंपादक मागच्या वर्षीचा आकडा काढतो आणि टक्केवारी करतो. त्यात खोटं काही नाही. पण तक्त्याखालची टीप वाचायला आणि शेजारच्या रकान्याशी बेरीज करायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत बातमीचा अर्थ पूर्ण बदलतो.

हा आकडा तयार कसा होतो, तेही पाहायला हवं. यवतमाळच्या एखाद्या गावात मृत्यू झाला की पोलीस पाटील ठाण्याला कळवतो. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची, विदर्भाच्या भाषेत मर्गाची, नोंद होते. पंचनामा, नातलगांचे जबाब होतात आणि मृताचा व्यवसाय व आत्महत्येचं कारण लिहिलं जातं. हे लिहिणारा माणूस म्हणजे ठाण्यातला हवालदार. त्याची नोंद जिल्ह्याकडे, तिथून पुण्याला गुन्हे अन्वेषण विभागाकडे आणि पुढे दिल्लीला जाते. दोन एकर कोरडवाहू असलेला आणि वर्षातले सहा महिने दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारा माणूस शेतकरी की शेतमजूर, हे त्या एका ओळीत ठरतं. विदर्भ-मराठवाड्यात अशी कुटुंबं जागोजाग आहेत. रकाना एक होता तोवर या प्रश्नाने आकडा हलत नव्हता. दोन झाल्यावर तो हवालदाराच्या लेखणीवर हलू लागला.

बाई असेल तर आणखी अवघड. शेतीचं बरंचसं काम ती करते, पण सातबारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. व्यवसायाच्या जागी ‘गृहिणी’ लिहिलं की ती शेतकऱ्यांच्या मोजणीतून गेली. 2014 च्या 5,650 मध्ये बाया होत्या 472. हा आकडा जसाच्या तसा छापून ‘शेतकरी महिलांत आत्महत्येचं प्रमाण अल्प’ असं लिहिणं म्हणजे मोजणीतली त्रुटी समाजाचं वास्तव म्हणून खपवणं.

कारणांच्या तक्त्याचंही तेच. 2014 मध्ये शेतकऱ्यांच्या 20.6 टक्के आत्महत्यांचं कारण कर्जबाजारीपणा असं नोंदलं गेलं, 2015 मध्ये 38.7 टक्के. एका वर्षात कर्ज दुपटीने जीवघेणं झालं, की लिहिणाऱ्यांच्या दृष्टीत फरक पडला? नुसत्या तक्त्यावरून हे सांगता येत नाही, आणि माणूस एकाच कारणाने मरतो असं मानणारा तक्ता मुळातच अपुरा असतो. तरी दर वर्षी दोन्ही बाजू त्यातून आपापल्या सोयीचा आकडा उचलतात : एकाला कर्ज दिसतं, दुसऱ्याला व्यसन आणि घरगुती भांडण.

महाराष्ट्रात याला समांतर दुसरी मोजणी चालते, महसूल खात्याची. ती मदतीसाठी असते. तलाठी-तहसीलदारांकडून अहवाल जातो, जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. जमीन नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, ते थकलं होतं का, हे निकष. पात्र ठरलेल्या कुटुंबाला 1 लाख रुपये मिळतात. दाराशी येणाऱ्या विनापरवाना सावकाराचं कर्ज या निकषांत बसत नाही. म्हणून एकाच जिल्ह्याचा एकाच वर्षाचा पोलिसांचा आकडा वेगळा, महसूलचा एकूण आकडा वेगळा आणि ‘पात्र’ प्रकरणांचा त्याहून वेगळा. मंत्री विधानसभेत यांतला एक वाचतात, विरोधक दुसरा. बातमीत कोणता छापला ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच आहे. आकडा कमी-जास्त असू शकतो, पण तो कोणी, कशासाठी मोजला हे न सांगता छापला की वाचकाच्या हातात काहीच उरत नाही.

रकाना रिकामा ठेवून बातमी दडतेही. छत्तीसगडमध्ये 2010 साली 1,126 शेतकरी आत्महत्यांची नोंद होती. 2011 साली शून्य. शून्याला मथळा मिळत नाही, म्हणून त्याची चौकशीही सहसा होत नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती केली, वर्षानुवर्षं केली. एनसीआरबीचे तक्ते आणि चेन्नईचे अर्थतज्ज्ञ के. नागराज यांचं विश्लेषण एका हातात, आणि दुसरीकडे विदर्भातल्या घरांच्या पायऱ्या. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी ‘रामराव’ या इंग्रजी पुस्तकात आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या एका कापूस शेतकऱ्याची सगळी कहाणी लिहिली. आकडा आणि माणूस यांतलं एक निवडायला लागत नाही, हे या कामातून दिसतं. ज्याने घर पाहिलं आहे तो तक्त्यातला खोटेपणा लवकर ओळखतो, आणि ज्याने तक्ता वाचला आहे तो एका घरावरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढत नाही.

सनसनाटीचा दुसरा प्रकार जास्त घातक आहे, कारण त्याने जीव जातात. आत्महत्या कशी केली याचं वर्णन, चिठ्ठीचा फोटो, ‘कर्जाला कंटाळून जीवनयात्रा संपवली’ असा ठरलेला मथळा. व्हिएन्नात 1980 च्या दशकात भुयारी रेल्वेत आत्महत्या वाढल्या आणि वृत्तपत्रं त्यांची भडक वर्णनं छापत होती. 1987 मध्ये तिथल्या आत्महत्या प्रतिबंधक संघटनेने वृत्तांकनासाठी सूचना दिल्या, संपादकांनी त्या पाळल्या, आणि सहा महिन्यांत रेल्वेतल्या आत्महत्या व प्रयत्न 80 टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडे प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये अशाच सूचना स्वीकारल्या : पद्धत सांगू नये, जागेचे तपशील देऊ नयेत, भडक मथळा नको, आत्महत्या हा अडचणीवरचा मार्ग असल्यासारखं लिहू नये. जिल्हा आवृत्त्यांमध्ये त्या रोज मोडल्या जातात. ज्या तालुक्यात शेकडो माणसं त्याच कर्जाखाली आणि त्याच नापिकीत उभी आहेत, तिथे त्यांच्या हातात सकाळी असा मथळा द्यायचा का, याचं उत्तर संपादकांनी द्यायला हवं.

याचा अर्थ बातमी दडपावी असा होत नाही. 2022 मध्ये शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशात 11,290 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या 4,248 महाराष्ट्रात. हा आकडा पहिल्या पानावर यायलाच हवा, आणि त्याच्याखाली चार ओळीही : मोजणी पोलिसांची आहे, दोन्ही रकान्यांची बेरीज आहे, महसूल खात्याचा आकडा अमुक आहे, गेल्या पाच वर्षांचे आकडे असे आहेत. शिवाय आत्महत्या किती लोकांमागे, हेही यायला हवं. 2001 च्या जनगणनेत देशात 12.73 कोटी शेतकरी होते, 2011 मध्ये 11.87 कोटी. शेती सोडणारे वाढत असताना आत्महत्यांचा आकडा तेवढाच राहिला, तर उरलेल्यांमधलं प्रमाण वाढलेलं असतं. ‘संख्या स्थिर’ या शांत मथळ्यातही हे झाकलं जाऊ शकतं.

पुढच्या भागात महसूल खात्याच्याच आणखी एका आकड्याकडे वळू : पिकांची पैसेवारी. ती 50 पैशांच्या आत आली की बाहेर, यावर गावाचा दुष्काळ ठरत आला आहे. ती कोण ठरवतं, कोणत्या शेतातलं पीक कापून ठरवतं, आणि ती जाहीर होते त्या दिवशी वृत्तपत्रं काय विचारायचं विसरतात, ते पाहू.