घरातच उभारा नेटवर्कची प्रयोगशाळा

मुलगा बारावी होतो, मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला येते आणि कोणीतरी ओळखीचा सांगतो, "नेटवर्किंगचा कोर्स करू द्या, लगेच नोकरी लागते." मग क्लासची चौकशी होते. फीचा आकडा ऐकून आई अंगावरच्या दागिन्याचा विचार करते आणि वडील पतपेढीतून कर्जाचा अर्ज आणतात. हा निर्णय घेण्याआधी घरातल्या सर्वांनी काही गोष्टी समजून घ्याव्यात, म्हणून हा लेख.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. या विद्येची खरी किंमत बिघाड शोधता येण्यात आहे. नेटवर्क चालू असताना त्या माणसाची कोणाला आठवण होत नाही. ते बंद पडले की सगळे त्यालाच हाक मारतात. आणि बिघाड शोधण्याची ही कला घरी, थोड्या पैशांत शिकता येते.

राऊटर म्हणजे काय?

पत्रावरचा पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून आली. दिल्लीतला टपाल कर्मचारी पत्रावरचा पहिला आकडा ४ पाहतो आणि ते महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेशाच्या बाजूच्या थैलीत टाकतो. चाळीचे नाव, खोली क्रमांक वाचण्याची त्याला गरज नसते. ते काम शेवटच्या पोस्टमनचे.

राऊटर नेमके हेच करतो. माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. त्या पत्त्याचा किती भाग 'गावाचा' आणि किती 'घराचा', हे सबनेट मास्क ठरवतो. राऊटर आपल्या तक्त्यात 'गावाची' नोंद पाहतो आणि पाकीट पुढच्या राऊटरकडे ढकलतो. दोन नोंदी जुळल्या तर जी अधिक नेमकी असेल ती धरतो. एकही जुळली नाही आणि 'बाकी सर्व इकडे पाठवा' अशी नोंदही नसेल, तर पाकीट टाकून देतो. पुष्कळसे बिघाड या एका गोष्टीत सामावलेले आहेत.

परीक्षा कोणती?

या क्षेत्रात सुरुवातीला विचारले जाणारे प्रमाणपत्र म्हणजे सिस्को कंपनीचे सीसीएनए. ते १९९८ साली सुरू झाले. २४ फेब्रुवारी २०२० पासून त्याच्या निरनिराळ्या शाखा बंद होऊन २००-३०१ या क्रमांकाची एकच परीक्षा राहिली. वेळ १२० मिनिटे. बसण्यासाठी पदवीची किंवा क्लासच्या दाखल्याची अट नाही. मिळालेले प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. फी ३०० अमेरिकन डॉलर असून वर कर लागतो. रुपयांत हा आकडा पंचवीस हजारांच्या पुढे जातो. नापास झाल्यास पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. तेव्हा 'बसून तर बघू' म्हणून फॉर्म भरू नये.

जुनी पुस्तके स्वस्त मिळतात, पण घेताना मुखपृष्ठावर २००-३०१ हा क्रमांक पाहावा. त्याआधीच्या पुस्तकांत फ्रेम रिले, ईआयजीआरपी असे धडे आहेत. ते आता अभ्यासक्रमात नाहीत.

पैसा कोठे घालावा?

पहिली प्रयोगशाळा फुकट आहे. सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य नाव नोंदवले की पॅकेट ट्रेसर नावाचा प्रोग्राम मिळतो. त्यात पडद्यावर राऊटर, स्विच, संगणक मांडता येतात, वायरी जोडता येतात आणि खऱ्यासारख्या आज्ञा देता येतात. साध्या, जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो. सीसीएनएचा बहुतेक सराव यावर होतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे जीएनएस-३ किंवा सिस्को मॉडेलिंग लॅब्ज. पॅकेट ट्रेसर ही नक्कल आहे. यांत राऊटरची खरी प्रणाली चालते. मॉडेलिंग लॅब्जची पाच उपकरणांपर्यंतची मोफत आवृत्तीही निघाली आहे. मात्र यांना ताकदवान संगणक लागतो, म्हणून घाई नको.

दुसरी प्रयोगशाळा कागद-पेन्सिलची. सबनेटचे गणित रोज पाच सोडवावे. उदाहरणार्थ, /२६ म्हटले की एका गटात ६४ पत्ते, त्यांपैकी वापरता येतात ६२. एक गटाच्या नावाला जातो आणि एक सर्वांना हाक मारण्याला. परीक्षेत हे पटकन जमले तर वेळ वाचतो.

खरी उपकरणे घ्यायचीच असतील तर दोन राऊटर आणि दोन स्विच पुरेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा जुना संगणकी माल विकणाऱ्यांकडे १८४१, २८११, १९४१ हे राऊटर आणि २९६० हा स्विच मिळू शकतो. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, आवाज. २८११ सारख्या राऊटरचा पंखा मोठ्याने घोंघावतो. एका खोलीच्या घरात लहान मूल झोपले असेल किंवा वडील रात्रपाळीहून आले असतील तर तो सहन होणार नाही. २९६० स्विचचे आठ पोर्टांचे, पंखा नसलेले छोटे मॉडेल येते. ते घरात बरे.

दोन, वायर. राऊटरशी बोलण्यासाठी निळी चपटी कन्सोल केबल लागते आणि लॅपटॉपला जोडायला यूएसबी-सीरियल जोडणी लागते. पुटी नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये वेग ९६०० ठेवावा. वेग चुकला की पडद्यावर विचित्र चिन्हे दिसतात आणि मशीन खराब आहे असे वाटते.

तीन, पासवर्ड. जुन्या मालकाचा पासवर्ड निघाला तर घाबरू नये. राऊटर सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात 'ब्रेक' पाठवावा, कॉन्फिग रजिस्टर शून्य-एक्स-२१४२ करावे आणि पुन्हा सुरू करावे. राऊटर साठवलेली मांडणी न वाचताच उठतो. मग जुनी मांडणी पुसावी आणि रजिस्टर परत शून्य-एक्स-२१०२ करावे. हे शेवटचे विसरले तर प्रत्येक वेळी वीज गेली की केलेले काम 'गायब' होते. स्विचमध्ये जुन्या व्हीलॅनची फाईल वेगळी असते. मांडणी पुसली तरी ती राहते. तीही पुसावी.

बिघाड शोधण्याची रीत

नवखा माणूस आधी सेटिंग बदलतो. जाणता माणूस आधी वायर पाहतो. तळापासून वर जावे, म्हणजे एकही पायरी सुटत नाही.

पहिली पायरी दिव्यांची. घरच्या फायबरच्या डब्यावर 'एलओएस' हा दिवा लाल असेल, तर बाहेरून प्रकाशाचा संकेतच येत नाही. वायर वाकली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा गल्लीत तुटली असेल. अशा वेळी वायफायचा पासवर्ड बदलून काही होणार नाही. पोर्टाचा दिवा बंद असेल तर दुसरी केबल लावून पाहावी. केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटच्या वेगाला चारच लागतात, हजारच्या वेगाला आठही लागतात. म्हणून एखादी तार तुटली तर इंटरनेट चालते, पण वेग शंभरावर अडकतो. 'प्लॅन मोठा घेतला तरी वेग येत नाही' या तक्रारीचे मूळ कित्येकदा येथे असते.

दुसरी पायरी राऊटरच्या पोर्टाची. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' ही आज्ञा दिली की प्रत्येक पोर्टाची स्थिती दिसते. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन' म्हणजे पोर्ट माणसाने बंद ठेवले आहे. सिस्को राऊटरची पोर्टे मुळात बंदच येतात. 'नो शटडाऊन' द्यावे. 'डाऊन, डाऊन' म्हणजे वायर किंवा समोरचे उपकरण पाहा. 'अप, डाऊन' म्हणजे वायर जोडलेली आहे, पण दोन्ही टोकांचे आपसात जमत नाही.

तिसरी पायरी पत्त्याची. संगणकावर 'आयपीकॉन्फिग' द्यावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला कोणीच पत्ता दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच घेतला आहे. दोष पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडे किंवा तिथवरच्या वाटेत आहे.

चौथी पायरी पिंगची. पिंग हा छोटा प्रोग्राम माईक मूस या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. आजही पहिला तोच हाती घेतला जातो. आधी घरच्या राऊटरला पिंग करावे, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राऊटर उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर वाट पुढे तुटली आहे. आकड्यांचा पत्ता उत्तर देतो पण नाव चालत नाही, तर दोष नावाचा आकडा करून देणाऱ्या डीएनएसमध्ये आहे. एक लक्षात ठेवावे: विंडोज संगणकाची फायरवॉल बहुधा पिंगला उत्तर देत नाही. उत्तर आले नाही म्हणजे नेटवर्क तुटले, असे लगेच समजू नये.

या चार पायऱ्यांना एक नियम जोडावा. एका वेळी एकच बदल करावा. त्याने फरक पडला नाही तर तो मागे घ्यावा आणि मग दुसरा करावा. चार बदल एकदम केले आणि चालू झाले, तर कशाने झाले ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

मुद्दाम बिघडवा

आता सरावाची सर्वांत उपयोगी रीत. आधी चालू नेटवर्क उभे करावे: दोन राऊटर, दोन स्विच, चार संगणक. ते नीट चालल्यावर साठवून ठेवावे. मग भाऊ, बहीण, मैत्रीण, कोणालाही त्यात एक गोष्ट गुपचूप बिघडवायला सांगावी. त्याला नेटवर्किंग येण्याची गरज नाही. पुढील यादीतले एक निवडून द्यावे: एक पोर्ट बंद करणे, एका संगणकाचा गेटवे चुकवणे, एका बाजूचा सबनेट मास्क बदलणे, स्विचचे पोर्ट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये टाकणे, ट्रंकवरून एक व्हीलॅन वगळणे, दोन राऊटरांच्या ओएसपीएफ हॅलोच्या वेळा वेगळ्या ठेवणे, परतीचा मार्ग काढून टाकणे.

यातले शेवटचे खास शिकवते. पाकीट जाते, पण उत्तर परत येत नाही. जाण्याची वाट कितीही तपासली तरी दोष सापडत नाही, कारण तो येण्याच्या वाटेवर असतो.

प्रत्येक वेळी वहीत चार ओळी लिहाव्यात: काय दिसले, कशाचा संशय आला, काय तपासले, खरे कारण काय निघाले. लागलेली मिनिटेही लिहावीत. अशा पन्नास नोंदी झालेल्या वहीच्या जोरावर मुलाखतीत बोलता येते. "ही अडचण आली तर काय कराल?" हा प्रश्न तेथे नक्की येतो, आणि पाठ केलेले उत्तर विचारणाऱ्याला ओळखू येते.

सावध राहावे

परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे देतो, असे सांगून 'डम्प' विकणारे पुष्कळ आहेत. ते घेणे परीक्षेच्या नियमांविरुद्ध आहे. पकडले गेल्यास निकाल रद्द होतो आणि पुन्हा बसण्यावर बंदी येऊ शकते. शिवाय पाठांतराने पास झालेला मुलगा कामाच्या पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. 'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्या क्लासकडून ते वाक्य कागदावर लिहून मागावे. देत नसतील तर समजून घ्यावे.

प्रमाणपत्र मिळाले की मोठा पगार सुरू होतो, असेही मानू नये. सुरुवात बहुधा केबल ओढणे, दुरुस्तीला जाणे, नेटवर्क देखरेखीच्या कक्षात पाळीने बसणे अशी होते. रात्रपाळी आली म्हणून मुलीला या वाटेवरून मागे ओढू नये. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते. तिचे संरक्षण आणि घराच्या दारापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी आहे. नोकरी घेताना याची विचारणा करावी.

पालकांनो, कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी मुलाला किंवा मुलीला तीन महिने द्या. एक जुना लॅपटॉप, एक वही, रोजचे दोन तास आणि त्या वेळेपुरता शांत कोपरा, एवढेच. तीन महिन्यांनी वही मागून पाहा. पाने भरलेली असतील, आणि पहिल्या पानावर तासभर लागलेला दोष शेवटच्या पानावर दहा मिनिटांत सापडत असेल, तर परीक्षेची फी खुशाल भरा. क्लास लावावा की नाही, हे तोपर्यंत तुमची मुलेच तुम्हाला सांगू शकतील.