सुरी जिथे पोचत नाही

गोमांसातल्या पट्टकृमीसाठी सुरी कुठे चालवायची, हे मांसतपासणीच्या पुस्तकांत नेमके दिलेले असते: गालाचे स्नायू, जीभ, हृदय, खांदा, श्वासपटल. मटाराहून लहान, पाण्याने भरलेली पांढुरकी पुटी तिथे शोधायची. संसर्ग हलका असेल तर निष्णात तपासनिसालाही ती हुकते. चंद्रपूर-गडचिरोलीत तर ही सुरी चालवायला गायबैल कायद्यानेच उरलेले नाहीत. महाराष्ट्राचा 1976चा गोहत्याबंदी कायदा गाई-वासरांपुरता होता. 4 मार्च 2015पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेड्यांना तेवढी प्रमाणपत्रावर मुभा आहे. पण गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून नदी ओलांडली की तेलंगण, आणि तिथे कामातून गेलेला बैल प्रमाणपत्र घेऊन कापता येतो. परराज्यात कायदेशीर कापलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016मध्ये रद्द केले. म्हणजे मांस येऊ शकते. त्यावर सुरी फिरली होती का, हे इथे विचारायचे कोणी?

गोमांसातल्या या कृमीला वाढायला माणसाचेच आतडे लागते. तिथे तो चार ते दहा मीटर लांब होतो. अंड्यांनी भरलेली त्याची पेरे विष्ठेतून बाहेर पडतात, कधी आपण होऊन सरपटतही येतात. ती अंडी चाऱ्याबरोबर गुराच्या पोटात गेली की स्नायूत पुटी धरते. 1869मध्ये हिंदुस्थानातच जे. एच. ऑलिव्हर यांच्या लक्षात आले, की असे मांस खाणाऱ्यांना पट्टकृमी होतो; 1877मध्ये इटलीच्या पेरोन्चितो यांनी ते पक्के केले. जंगलात दिवसभर चरणारी गुरे आणि त्याच जंगलात शौचाला जाणारी माणसे, एवढे त्याला पुरते. दोष गुराकडे जात नाही.

गुरांच्या कृमीने माणसाचे फार बिघडत नाही. पोट कुरकुरते, किळस येते. भीती वाटावी ती डुकराच्या कृमीची. त्याची अंडी माणसाच्याच पोटात गेली, तर पुटी माणसाच्या अंगात धरते: स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत. मग कित्येक वर्षांनी झटके सुरू होतात आणि घरचे म्हणतात, मिरगी आली. जिथे हा कृमी मुरलेला आहे, तिथल्या अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे तोच असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटिश लष्कराला हे उशिरा उमगले. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या सैनिकांना येणारे झटके या पुटींचे असल्याचे मॅकार्थर यांनी 1930च्या दशकात दाखवले. 1961मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम यांनी 450 रुग्णांचा आढावा छापला. त्यांतले बहुतेक हिंदुस्थानात राहून गेलेले होते.

अशी पुटी अंगात धरायला डुकराचे मांस खावेच लागते असे नाही. पोटात कृमी असलेल्या स्वयंपाक्याच्या न धुतलेल्या हातांतून किंवा कच्च्या भाजीतून अंडी शुद्ध शाकाहाऱ्याच्याही ताटात येतात.

गोंड-माडिया पाड्यांत डुकरे मोकळी फिरतात, देवाला दिली जातात आणि मांस गावभर वाटले जाते. 2001च्या कत्तलखाना नियमांनी पशुवैद्याने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत असे घातले; भामरागडच्या पाड्यावर मुळात पशुवैद्य उभा कुठे असतो? शहरी लेखक इथे लगेच आदिवासींच्या खाण्याला नावे ठेवतो. मला ते पटत नाही. आतपर्यंत नीट शिजलेल्या मांसात पुटी मरते. संडास नसणे, असला तरी पाणी नसणे, हे दुखणे ताटातले नाही.

गोळ्यांनीही हे दुखणे सुटत नाही. 10 फेब्रुवारी 2015ला राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे. पट्टकृमीवर तिचा भरवसा धरता येत नाही. त्याला निक्लोसामाइड किंवा प्रॅझिक्वांटेल लागते, आणि मेंदूत पुटी असेल तर दुसरे औषधच झटके आणू शकते. म्हणून ते वाटत सुटण्याआधी माणूस तपासावा लागतो.

डुकराकडून साखळी तोडणे त्या मानाने सोपे. मेलबर्नच्या मार्शल लाइटोलर्स यांच्या संशोधनातून निघालेली टीएसओएल18 ही लस ‘सिसव्हॅक्स’ नावाने इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी बनवते, हैदराबादेत, म्हणजे सिरोंच्याच्या शेजारच्या राज्यात. सोबत ऑक्सफेंडाझोलची एक मात्रा दिली की डुकराच्या अंगातल्या आधीच्या पुटीही मरतात. डुकरांना स्वाइन फिव्हरची लस टोचायला पशुधन खात्याचा माणूस पाड्यावर जाईल, तेव्हा त्याच शीतपेटीत ही कुपीही जाऊ शकते.