आधी उंच, मग पीळ

सहा वाजून गेलेत. पुण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला आहे. आत मे महिन्याचा उकाडा, आणि तीनपैकी दोनच पंखे चालू. कोपऱ्यातल्या कपाटापुढे ब्लँकेटसाठी रांग लागली आहे. "दोन घ्या काकू, एकाने भागायचं नाही," मागून सूचना येते. या शहरात योगवर्गाला साहित्याचं वावडं नाही. योगगुरू अय्यंगार १९३७ साली इथे शिकवायला आले. त्यांच्या पद्धतीतली ब्लँकेटं, लाकडी विटा, पट्टे, खुर्च्या पुढे साध्यासुध्या वर्गांतही पोचल्या.

सतरंज्या पसरतात. आज अर्धमत्स्येंद्रासन. पंधराव्या शतकातली हठयोगप्रदीपिका मत्स्येंद्रनाथांच्या नावाचं आसन सांगते आणि त्याने जठराग्नी पेटतो म्हणते. इथे बहुतेकांना अग्नीपेक्षा कंबरेची काळजी आहे.

पहिल्या रांगेतल्या काकांची बैठक जमत नाही. पाठीला पोक, गुडघे हवेत. वर्ग घेणाऱ्या मॅडम दोन ब्लँकेटांची घडी त्यांच्या बैठकीखाली सरकवतात. गुडघे खाली येतात, पाठ आपसूक सरळ होते. "आधी उंच व्हा. पिळायचं नंतर."

डावा पाय दुमडलेला, टाच उजव्या कुल्ल्याशी. उजवं पाऊल डाव्या मांडीपलीकडे. उजवा तळवा मागे जमिनीवर, डावं कोपर उजव्या गुडघ्याबाहेर. आणि लगेच सगळ्यांची ओढाताण सुरू.

"कोपराची पहार करू नका. काढा तो हात."

काका हात काढतात. वळण झर्रकन निम्म्यावर येतं. काका ओशाळतात, मॅडमना मात्र तेवढंच हवं असतं. बाकीचं सगळं हाताने ओढून आणलेलं.

मी रांगेच्या कडेने मागे सरकतो. एका आजोबांची मान पार भिंतीवरच्या घड्याळाकडे, छाती मात्र अजून फळ्याकडेच. मानेच्या वळणातला जवळजवळ निम्मा भाग वरच्या दोन मणक्यांचा असतो, त्यामुळे खूप वळल्यासारखं वाटतं. मॅडम त्यांच्या बरगड्यांवर बोटं टेकवतात. "इथून." बरगड्या धरून असलेले १२ मणके मिळून साधारण ३५ अंश फिरतात. कंबरेचे पाचही मिळून जेमतेम दहा-पंधरा. तिथले सांधेच असे उभे बसवलेले आहेत की ते फिरण्याला आडवे येतात. तरी जोर लावायचा झाला की लोक नेमके कंबरेतूनच लावतात. त्यात पाठ वाकलेली असेल तर मणक्यांमधल्या चकतीवर ताण दोन्हीकडून: वाकण्याचा आणि पिळाचाही.

भिंतीशी तीन खुर्च्या. पहिलीवर दिवस गेलेली मुलगी आडवी बसली आहे. खुर्चीची पाठ हातांनी धरून ती फक्त खांदे आणि छाती वळवते. पोटावर मांडीचा दाब नाही. शेजारच्या आजींची हाडं ठिसूळ झाली आहेत. त्यांना वाकायची बंदी, वळणही नावापुरतंच. तिसरीवरचे गृहस्थ नुसतं बघतात. हर्नियाचं ऑपरेशन ताजं आहे, आणि 'हलकंच करतो' म्हणून त्यांनी मघाशी घातलेला वाद ते हरले आहेत.

"श्वास घ्या, उंच व्हा. सोडा, वळा." अर्ध्या मिनिटाचा मुक्काम. हनुवटीवरून घाम टपकतो. मधल्या रांगेत एकाचा चेहरा लाल झाला आहे, ओठ घट्ट मिटलेले.

"श्वास अडकला? थोडं मागे या." तो बोटभर मागे येतो आणि सुस्कारा टाकतो.

"पायात मुंग्या आल्या, कंबरेत चमक निघाली, तर सोडून द्या. मांडीला ताण बसला तर बसू दे." काकू डोळे मिटून कंबरेचा अंदाज घेतात.

सुटतानाही घाई नाही. हात मोकळा, मग छाती समोर. एक-दोघं झटक्यात सुटतात आणि बोलणी खातात. काही श्वास नुसतं बसणं. मग दुसरी बाजू.

आजोबा डावीकडे वळतात आणि कुरबुरतात, "मॅडम, इकडे खिडकीच दिसते. तिकडे पार घड्याळ दिसत होतं."

"घड्याळ मानेने बघितलंत. खिडकी बरोबर आहे."