अभियांत्रिकीचे पहिले वर्ष जड का जाते?

बारावीला नव्वद टक्के, सीईटीत उत्तम पर्सेंटाइल, मनासारख्या शाखेत प्रवेश आणि पहिल्याच सत्राच्या निकालात दोन विषय राहिलेले, असे चित्र अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी दिसते. शाळेपासून गणितात पहिला येणारा विद्यार्थी 'एम-वन'मध्ये अडकतो. घरच्यांना वाटते, मुलगा शहरात जाऊन बिघडला. मुलाला वाटते, आपली कुवतच नाही. बहुतेक वेळा हे दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. कुवत तीच असते. परीक्षेची जात बदललेली असते आणि हा बदल कोणी समजावून सांगितलेला नसतो.

पर्यायांविना उत्तर

एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. चार पर्याय समोर असतात आणि उत्तर चुकले तरी गुण कापले जात नाहीत. साहजिकच क्लासमधील दोन वर्षे सूत्र आठवणे, पर्याय बाद करणे आणि वेळ वाचवणे यांच्या सरावात जातात.

अभियांत्रिकीत हेच कौशल्य अपुरे पडते. 'मेकॅनिक्स'मध्ये भिंतीला टेकवलेल्या शिडीचा प्रश्न आला, तर आधी शिडी एकटी काढून तिच्यावरील सर्व बले दाखवावी लागतात: वजन, जमिनीची व भिंतीची प्रतिक्रिया आणि घर्षण. यालाच 'फ्री बॉडी डायग्राम' म्हणतात. त्यानंतर समतोलाची समीकरणे आणि शेवटी उत्तर. एक बल दाखवायचे राहिले, तर पुढची सारी आकडेमोड बरोबर असूनही व्यर्थ ठरते. उलट आकृती व समीकरणे योग्य असतील, तर अखेरचा आकडा चुकला तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. म्हणूनच सोडवलेले उदाहरण नुसते वाचून 'समजले' असे मानणारा विद्यार्थी परीक्षेत कोऱ्या पानासमोर अडखळतो. पुस्तक मिटून तेच उदाहरण पुन्हा सोडवणे, हाच यावरचा साधा उपाय आहे.

'इंजिनिअरिंग ग्राफिक्स'ची अडचण निराळी. आपल्याकडे प्रचलित असलेल्या 'फर्स्ट अँगल' पद्धतीत समोरून दिसणारे दृश्य वर आणि वरून दिसणारे दृश्य त्याच्या खाली काढतात. नवख्याला हे उलटे वाटते. वस्तू पाहणारा आणि प्रतलाच्या मध्ये असते, तिची प्रतिमा मागच्या किंवा खालच्या प्रतलावर पडते आणि आडवे प्रतल खाली वळवून कागदाच्या पातळीत आणले जाते, हे डोळ्यांसमोर आले की कोडे सुटते. त्यासाठी साबणाची वडी किंवा बटाटा आकृतीप्रमाणे कापून हातात धरून पाहिल्यास पाठांतराची गरज उरत नाही. शेजाऱ्याची शीट काचेवर ठेवून उतरवणाऱ्याला सबमिशनचे गुण मिळतात, परीक्षेत मात्र तो एकटाच असतो.

वेळापत्रक कुणाचे?

बारावीपर्यंत दिवसाची आखणी शाळा, क्लास आणि घर करत असे. वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवरील खोलीत ती स्वतःच करावी लागते. शिवाय सत्र लहान असते. जे विद्यार्थी प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्यांमधून येतात, त्यांचे तर काही आठवडे आधीच निघून गेलेले असतात. त्यात प्रात्यक्षिकांची जर्नल, वर्कशॉपमधील फायलिंगचा जॉब, ड्रॉइंगच्या शीट, सह्या आणि व्हायवा यांची रांग लागते. जर्नल त्या त्या आठवड्यात लिहिले नाही, तर सत्राअखेरीस सबमिशन आणि परीक्षेची तयारी एकाच वेळी अंगावर येते. नापास होण्याची सुरुवात पुष्कळदा इथेच होते.

एआयसीटीईने २०१७ मध्ये नवागतांसाठी तीन आठवड्यांच्या परिचय उपक्रमाची कल्पना मांडली, ती हा सांधा जोडण्यासाठीच. ज्या महाविद्यालयांत तो मनापासून राबवला जातो, तेथे विद्यार्थ्याला निदान एक शिक्षक आणि चार वरिष्ठ विद्यार्थी ओळखीचे होतात. अडचण विचारायला दार ठोठावता येणे ही पहिल्या वर्षातील मोठी सोय असते.

मराठी माध्यमातून आलेल्यांपुढे भाषेचा प्रश्न उभा राहतो. २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी मिळाली असली, तरी बहुसंख्य वर्गांत शिकवणे इंग्रजीतूनच चालते. अशा वेळी संकल्पना मराठीतून समजून घ्यावी, व्याख्या मात्र इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहावी आणि मित्रासमोर मोठ्याने सांगून पाहावी. व्हायवात गाडी अडते ती अनेकदा ज्ञानापाशी नव्हे, पहिल्या वाक्यापाशी.

विषय राहिला तर

'एटीकेटी' म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढील वर्गात जाण्याची मुभा. किती विषयांपर्यंत किंवा श्रेयांकांपर्यंत ती मिळते, हे प्रत्येक विद्यापीठाच्या व स्वायत्त महाविद्यालयाच्या नियमांवर ठरते. तो नियम प्रवेशाच्या वेळीच वाचून ठेवावा. राहिलेला विषय लगेच सोडवण्यात शहाणपण आहे. पुढील सत्रांचे गणित पहिल्या गणितावरच उभे असते आणि कॅम्पस मुलाखतींच्या वेळी अनेक कंपन्या बॅकलॉग नसण्याची अट घालतात. पण पहिल्या सत्रातील एखादा विषय मागे राहिल्याने कुणाचे करिअर संपत नाही.

खरा धोका तो निकाल घरी लपवण्यात असतो. एक खोटे टिकवण्यासाठी मुलगा फोन टाळू लागतो, मग तास टाळतो, मग मित्र टाळतो. म्हणून सुट्टीत घरी आलेल्या मुलाला किंवा मुलीला 'किती पडले?' असे विचारण्याआधी 'कोणता विषय जड जातोय?' असे विचारलेले बरे. झोप उडणे, जेवण सुटणे, एकटे राहणे अशी लक्षणे दिसली, तर महाविद्यालयातील समुपदेशकाची किंवा २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकाची मदत घ्यावी.

नव्वद टक्क्यांची सवय लागलेल्या घराला पहिले सत्र धक्का देते. तो धक्का जेवणाच्या ताटावर मोकळेपणाने बोलला गेला, तर दुसऱ्या सत्रात सावरायला वेळ पुरतो.