कर्णा आणि घराचा कोपरा

(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील मंडपवाल्याकडे लाउडस्पीकरच्या कामावर आहेत. लग्न असो की सप्ताह, बांबूच्या टोकाला कर्णा बांधण्याचे काम त्यांचे. त्यामुळे कर्णा म्हटला की गावभर जाणारा कर्कश आवाज, एवढेच मला ठाऊक होते. घरात बसून गाणे ऐकण्यासाठीही कर्णे बनवतात व जाणकार त्यांना फार मानतात, हे वाचले तेव्हा मला खरे वाटेना. मित्रांना सांगितले तर ते हसले. म्हणून हा लेख.

पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो. कर्ण्याचे काम तेच. लहान पडदा मोकळ्या हवेत हलला तर हवा नुसती बाजूला सरकते. त्याच्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारी नळी लावली की पडद्याला हवेची पकड मिळते आणि थोड्या विजेत मोठा आवाज निघतो.

अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली आपली कंपनी काढून 'क्लिप्शहॉर्न' बनवायला घेतला, तेव्हा या काटकसरीला मोल होते. घरगुती अॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे, मोजक्या वॅटचे असत. एक वॅट दिला असता साध्या पेटीतून एक मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो, क्लिप्शहॉर्नमधून सुमारे १०४. हा फरक १७ चा दिसतो, पण तेवढा आवाज साध्या पेटीतून काढायचा तर पन्नासपट वीज लागेल.

खरी अडचण खर्जाची. ४० हर्ट्झच्या स्वराची लहर साडेआठ मीटरहून लांब. मोकळ्या जागेत ती नीट बाहेर पडायची तर कर्ण्याच्या तोंडाचा परीघ जवळजवळ तेवढाच हवा. म्हणजे तोंड नऊ फूट रुंद, क्षेत्रफळ चौसष्ट चौरस फुटांच्या घरात! एवढा कर्णा ठेवायचा कुठे? क्लिप्श यांनी नळीच्या घड्या घालून ती लाकडी पेटीत बसवली आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. दोन भिंती आणि जमीन यांमुळे आवाजाला पसरायला अष्टमांश जागा उरते, म्हणून तोंडही अष्टमांश, आठ चौरस फुटांचे पुरते. भिंतीच कर्ण्याचा पुढचा भाग होतात. मला ही युक्ती फार आवडली.

पण तिची किंमतही आहे. कोपरे दोन हवेत, तेही मोकळे. शिवाय घड्यांमधून फिरून येणारा खर्ज वरच्या स्वरांपेक्षा किंचित उशिरा पोहोचतो.

नव्या बनावटीत या दोन्ही गोष्टींवर उपाय आहे. क्लिप्श २००२ साली वारले. त्यांनी रॉय डेलगाडो यांच्याबरोबर हाती घेतलेल्या 'ज्युबिली'ची घरगुती आवृत्ती त्याच कंपनीने २०२२ साली बाजारात आणली. तिला कोपरा लागत नाही. खर्जासाठी बारा इंची दोन स्पीकर, वरच्या सर्व स्वरांसाठी एकच कर्णा, आणि दोहोंची वेळ जुळवणारे निराळे डिजिटल यंत्र. मात्र खर्जाला व वरच्या स्वरांना अॅम्प्लिफायर वेगवेगळे लागतात. 'अव्हांगार्ड' या जर्मन कंपनीच्या 'उनो' व 'डुओ'मध्ये तर कर्णे फक्त वरच्या स्वरांना. खर्ज साध्या पेटीतून, तिच्याच आतल्या अॅम्प्लिफायरवर. वीज स्वस्त झाल्यावर खर्जाच्या अवाढव्य कर्ण्याचा खटाटोप कोण करील? वरच्या स्वरांचा कर्णा टिकला त्याला वेगळेही कारण आहे : तो आवाज इकडेतिकडे न उधळता ऐकणाऱ्याकडे नेतो.

हिशेबात नवी बनावट सरस, हे मला मान्य आहे. तरी माझे मन जुन्याकडे ओढते. यंत्राने घराची मदत मागावी, यात काही गैर वाटत नाही. अर्थात यांतले एकही मी ऐकलेले नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत ते मावणारही नाही. बाहेरच्या खोलीत एका कोपऱ्यात देव्हारा, दुसऱ्यात धान्याची कोठी.

दिवाळीच्या सुटीत वडिलांनी दुरुस्तीला आणलेली एक जुनी पेटी घरी होती. कोठी ओढून मी ती पेटी कोपऱ्यात सरकवली आणि भजन लावले. डग्गा एकदम भरून आला. वडील बाहेर विडी ओढत बसले होते. आत येऊन म्हणाले, "आवाज वाढवलास का रे?"

मी बटणाला हातही लावला नव्हता. त्यांनी पेटी स्वतः ओढून मध्ये आणली, ऐकले, पुन्हा कोपऱ्यात सरकवली, पुन्हा ऐकले. कोठी दोन दिवस खोलीच्या मधोमध राहिली. आई रागावली तेव्हा हलवली.